पतपेढीची चावी आणि सभासदांचे डोळे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात पतपेढीच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत आमचे भाषण भोजनाच्या अगोदर ठेवले आहे आणि विषय दिला आहे तो लहान सहकारी संस्थांतील हिशेबाचा व मालमत्तेचा बंदोबस्त. यात कार्यकारी मंडळाचा काही हेतू असल्यास नकळे. भुकेला श्रोता सहसा प्रश्न विचारीत नाही. आम्हांस मात्र आज आपल्याकडून प्रश्नच हवे आहेत. विषय रुक्ष आहे हे मान्य करूनच आम्ही उभे राहिलो आहोत. परंतु ज्या पेढीत आपल्यापैकी कित्येकांची निवृत्तीची रक्कम आहे, कित्येक भगिनींनी मुलीच्या लग्नासाठी दरमहा बाजूला काढलेले पैसे आहेत, त्या पेढीच्या तिजोरीची चावी रात्री कोणाच्या घरी असते, हे या सभामंडपातील किती जण सांगू शकतील?

ज्ञातिसंस्था आणि सहकारी पतपेढी यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०६ च्या डिसेंबरात, श्रीपाद सुब्राव तल्मकी यांनी आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने मुंबईत चित्रापूर सारस्वत समाजासाठी पतपेढी स्थापन केली. १९१८ साली सारस्वत सहकारी पेढी निघाली. या दोन्ही संस्था आज सर्व समाजांना खुल्या असलेल्या मोठ्या बँका आहेत. त्यांचा आरंभ मात्र तुमच्याआमच्यासारख्या पगारदार, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, सावकाराच्या व्याजाने गांजलेल्या माणसांच्या ओळखीवर झाला. कर्ज मागणाऱ्यापाशी घर नव्हते, शेत नव्हते. परंतु त्याचा बाप कोण, तो कोठे नोकरीस आहे, त्याची वागणूक कशी आहे, हे देणाऱ्यास ठाऊक होते. ही ओळख हेच तारण होते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा अशी आमची विनंती आहे. कर्ज घेणारा ते फेडील की नाही, या प्रश्नाचे उत्तर ओळखीतून मिळते. फेडलेली रक्कम वहीत जमा झाली की नाही, या प्रश्नाचे उत्तर ओळखीतून कधीही मिळत नाही. ते वही पाहूनच मिळते. आपल्या समाजाच्या संस्थांत घोटाळा होतो तो बहुधा या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे. चिटणीस आपल्या आत्याचे जावई आहेत, मग त्यांच्याकडे पावती कशी मागावी? खजिनदार वयाने वडील, त्यांच्यासमोर नोटा कशा मोजाव्या? असे म्हणत म्हणत वर्षे जातात. अफरातफर उघडकीस आली की लोक हळहळतात, "इतका विश्वासू माणूस!" वास्तविक यात नवल कसले? ज्याच्यावर विश्वास नाही, त्याच्या हाती आपण चावी देतच नाही. ज्याच्याविषयी कोणालाच शंका येत नाही, त्याचीच वही वर्षानुवर्षे कोणी उघडीत नाही.

हा केवळ आपल्या देशाचा किंवा आपल्या जातीचा दोष नव्हे. सहकाराचे मूळ पीठ म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या इंग्लंडातील रॉचडेल गावचेच उदाहरण पाहावे. तेथील २८ कष्टकऱ्यांनी १८४४ च्या डिसेंबरात टोड लेन नावाच्या गल्लीत पीठ, साखर, लोणी असे जिन्नस विकणारे छोटे दुकान थाटले, हे आपण पुष्कळदा ऐकतो. त्याच गावात गरिबांच्या ठेवी स्वीकारणारी एक बचत पेढी होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. तिचा कारभार गावातील एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या हाती होता आणि विश्वस्त म्हणून मोठमोठी नावे कागदावर होती. १८४९ साली हे गृहस्थ वारले, तेव्हा सत्तर हजार पौंडांहून अधिक रकमेचा पत्ता नाही असे आढळले. ठेवीदाराच्या हातातील पुस्तकात रक्कम जमा दिसे. पेढीच्या वहीत ती नसे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून कोणी पाहिली असती, तर हा प्रकार इतका वाढता ना. रॉचडेलच्या सहकारी दुकानाची सभासदसंख्या १८४८ साली १४० होती. १८४९ साली ती ३९० झाली. जेथे आपला हिशेब आपल्याला पाहता येतो तेथे पैसा ठेवावा, हे त्या गावच्या लोकांस फार मोठी किंमत मोजून कळले, असे आम्हांस वाटते.

आता आपल्या दारी येऊ. दैनिक ठेव अथवा पिग्मी ही योजना उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने १९२८ साली काढली. रोज दोन आणे जमा करण्याची ती सोय होती. भाजीवाला, शिंपी, लहान दुकानदार यांना तिने बचतीची सवय लावली, हे तिचे मोठे उपकार आहेत. आपल्या पतपेढ्यांतही प्रतिनिधी रोज सायंकाळी दारोदार फिरून रक्कम गोळा करतात. पूर्वी कार्डावर सही होई, आता हातातील यंत्रातून चिठोरी निघते. परंतु रॉचडेलची फट तशीच कायम आहे. चिठोरी सभासदाच्या खिशात, वही पेढीत, आणि या दोहोंमध्ये एकच माणूस! तो शंभर रुपये घेऊन ऐंशी भरतो की शंभर, हे केवळ पेढीच्या वहीवरून हिशेबतपासनीसालाही कळणार नाही, कारण वहीत ऐंशीच आहेत आणि ऐंशीच जमा आहेत. हे कळू शकते ते सभासदाला. त्याने वर्षातून दोनदा स्वतः पेढीत येऊन खाते पाहावे, प्रतिनिधीकरवी पुस्तक पाठवू नये. मोबाइलवर संदेश येतो म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनीही पेढीत नोंदलेला क्रमांक आपलाच आहे ना, हे एकदा विचारून घ्यावे. ज्येष्ठ सभासदांच्या खात्यावर त्यांच्या सोयीसाठी म्हणून प्रतिनिधीने स्वतःचाच क्रमांक दिलेला असतो, असे आम्ही पाहिले आहे. त्यात कपट असतेच असे नाही; परंतु दार उघडे राहते.

मोठ्या बँकेत पैसे घेणारा एक, नोंद करणारा दुसरा आणि तपासणारा तिसरा असतो. लहान पतपेढीत एक चिटणीस असतात, फार तर एक मदतनीस. तेच पैसे घेतात, तेच पावती फाडतात, तेच रोजकीर्द लिहितात, तेच खतावणी करतात, बँकेत भरणाही तेच करतात, आणि वार्षिक सभेचा चहाही तेच सांगतात. अशा संस्थेला कामाची विभागणी करा म्हणून सांगणे म्हणजे एकपाठी विद्यार्थ्याला वर्गात रांगा करा म्हणण्यासारखे आहे. माणूस एकच असला, तर दुसरा हात संचालकांचा आणि तिसरा डोळा सभासदांचा, एवढीच तोड आहे. ती बिनखर्चाची आहे. फक्त थोडी अवघड वाटते.

या दुसऱ्या हाताने काय करावे? दर महिन्यास एका संचालकाची पाळी असावी. त्याने न कळविता, आठवड्यातून निदान एकदा, कामकाज संपण्याच्या वेळी यावे आणि हातशिल्लक मोजावी. मोजावी म्हणजे रोजकीर्दीतील आकडा पाहून सही करावी असे नव्हे. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या किती, नाणी किती, अशी नोटवारी चिठ्ठीवर लिहावी, बेरीज करावी, आणि मग रोजकीर्द उघडावी. आधी रोजकीर्द पाहिली की मोजणाऱ्याचा हात आपोआप त्याच आकड्याकडे वळतो. तिजोरीला दोन चाव्या असाव्यात आणि त्या दोन घरी असाव्यात. कोरी पावतीपुस्तके चिटणिसांकडे एकाच वेळी सारी देऊ नयेत. क्रमांक लिहून एक संपले की दुसरे द्यावे, आणि रद्द झालेली पावती फाडून न टाकता स्थळप्रतीला चिकटवून ठेवावी. बँकेकडून आलेले खातेउतारे आणि आपली रोजकीर्द यांचा ताळमेळ दरमहा घालावा, आणि तो धनादेशावर सही न करणाऱ्या माणसाने घालावा.

धनादेशाविषयी थोडे अधिक बोलणे भाग आहे. बाहेरगावी जाताना अध्यक्ष महाशय चिटणिसांची अडचण होऊ नये म्हणून दहा कोऱ्या धनादेशांवर सह्या करून जातात, ही चाल आपल्या संस्थांत जवळजवळ सौजन्याचा भाग झाली आहे. दोन सह्यांचा नियम ज्या हेतूने केला, तो हेतू त्या क्षणी संपतो. अशी सही करणारा स्वतःला उदार समजतो. कायदा त्याला तसे समजत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८८ प्रमाणे विश्वासघाताने किंवा हेतुपुरस्सर केलेल्या हयगयीने संस्थेचे नुकसान झाले, तर ते संचालकांकडून व्याजासह भरून घेण्याचा हुकूम होऊ शकतो. "आम्ही मानसेवी आहोत, आम्ही एक पैसा घेतला नाही" एवढे म्हणून त्यातून सुटका होत नाही.

हे सर्व ऐकून आपल्या चिटणिसांना वाटेल, हे आमच्यावर अविश्वास दाखवीत आहेत. त्यांच्यासाठी एक हकिगत सांगतो. एका तालुक्याच्या गावी, आमच्या माहितीतील एका छोट्या पतसंस्थेत, एकच चिटणीस वीस वर्षे होते. संस्थेचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. एकदा अचानक हातशिल्लक मोजली, ती पुस्तकापेक्षा अठरा हजार चारशे रुपयांनी कमी भरली. नोटवारीची चिठ्ठी कधी लिहिली जात नसे, त्यामुळे तूट आजची, कालची की सहा महिन्यांपूर्वीची, हे कोणालाच सांगता येईना. बँकेचा ताळमेळ चौदा महिने घातलेला नव्हता. चिटणीस रजेवर असताना दुपारी तिजोरी आणखी कोणी उघडीत असे की नाही, यावर सभेत तीन मते पडली. चिटणिसांनी वाद घातला नाही. घरातील बांगड्या मोडल्या आणि रक्कम भरली. गावात मात्र व्हायचे ते झाले. मुलीचे लग्न ठरत आले होते, ते लांबले.

पुढे नवीन हिशेबतपासनीस आले आणि त्यांनी चौदा महिन्यांचे बँक उतारे घेऊन ताळमेळ घातला. तेव्हा बँकेच्या उताऱ्यात अठरा हजार चारशे रुपये जमा दिसले, जे संस्थेच्या रोजकीर्दीत नावे पडलेच नव्हते. चिटणीस रजेवर असताना एका संचालकांनी बँकेत जाता जाता भरणा केला होता आणि स्लिप कोटाच्या खिशात राहिली होती. रक्कम चिटणिसांना परत मिळाली, सभेने दिलगिरीचा ठराव केला, इतिवृत्तात तो लिहिला गेला. त्यांनी ठराव ऐकून घेतला आणि राजीनामा दिला. महिन्याकाठी अर्धा तास देऊन कोणी तो ताळमेळ घातला असता, तर त्या सज्जन गृहस्थांवर हा प्रसंग आला नसता. यास्तव आम्ही म्हणतो की रोजच्या नोटवारीवरील दुसरी सही चोराला पकडण्यासाठी जितकी आहे, त्याहून अधिक ती प्रामाणिक नोकराची ढाल आहे. चिटणिसांनी ती सही हक्काने मागावी.

संगणक आला, आता ही जुनी मोजदाद कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. संगणक बेरीज चुकत नाही, हे खरे. परंतु तिजोरीत हात घालून नोटा मोजणे त्याला साधत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेत रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांनी तपासणी केली, तेव्हा तिजोरीतील रोकड पुस्तकातील शिलकेशी जुळली नाही. पोलिसांकडील तक्रारीत १२२ कोटी रुपयांचा आकडा नोंदला गेला. बँकेवर निर्बंध आले, दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या, आणि त्या वर्षी ४ ऑगस्टपासून ती सारस्वत बँकेत विलीन झाली. तेथे संगणकही होते आणि हिशेबतपासनीसही होते. बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण तरी असते. आपल्या पतपेढीतील ठेवीला तो विमा लागू नाही, ही गोष्ट पुष्कळ सभासदांना ठाऊक नसते, म्हणून ती येथे मुद्दाम उच्चारतो. संगणकाचा संकेतशब्द चिटणीस, मदतनीस आणि शेजारचा संगणक दुरुस्त करणारा मुलगा या तिघांना ठाऊक असेल, तर नोंद कोणी केली हे कोणालाच सांगता येणार नाही. तसेच टेबलावर चिकटविलेला क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा आहे ना, हे एक रुपया पाठवून पाहावे.

सोनेतारणाविषयी थोडक्यात. दागिना सभासदासमक्ष तोलून, वर्णन लिहून, पिशवीत घालून लाखबंद करावा, पिशवीवर सभासदाचीही सही घ्यावी. वर्षातून एकदा काही पिशव्या निवडून दुसऱ्या सराफाकडून तपासून घ्याव्यात. ज्याने पहिल्यांदा किंमत केली त्याच्याकडून नव्हे. कर्ज फेडून दागिना सोडवून नेणाऱ्याने तो तेथेच तोलून घ्यावा. सराफाच्या दुकानात आपण काटा पाहतो, मग आपल्याच पेढीत पाहण्यास लाजावे का?

आता आमच्या आवडीच्या विषयाकडे वळतो, तो म्हणजे भांडीकुंडी. पैशाचा हिशेब निदान वर्षाकाठी एकदा होतो. वस्तूंचा होतच नाही. ज्ञातिसंस्थांपाशी आणि त्यांच्या पतपेढ्यांपाशी काय काय असते पाहा: पितळेची पातेली, परात्या, घंगाळी, समया, सतरंज्या, खुर्च्या, पाट, कपाटे, पंखे, ध्वनिक्षेपक, आणि आता इन्व्हर्टर व छपाईयंत्र. यातील निम्म्या वस्तू देणगीदाखल आलेल्या, कोणाच्या तरी मातोश्रींच्या स्मरणार्थ. डेडस्टॉक रजिस्टर म्हणून एक वही असते, तिच्यात शेवटची नोंद कोणत्या साली झाली हे पाहिले म्हणजे संस्थेची प्रकृती कळते. लग्नामुंजीला भांडी नेली जातात आणि परत येतातही, कारण आपली माणसे सचोटीची आहेत. परंतु परत येते ते तेच पातेले असते का? मोजताना नग बारा गेले, बारा आले. जाड पितळेचे गेले आणि पत्र्यासारखे पातळ आले, तर नगाच्या हिशेबाला काही कळत नाही. म्हणून भांड्यांची नोंद नगावर न ठेवता वजनावर ठेवावी, आणि प्रत्येक भांड्यावर संस्थेचे नाव, क्रमांक व वजन कोरून घ्यावे. जुन्या पिढीच्या भगिनी आपल्या घरच्या भांड्यांवर नाव व तारीख घालीत असत. संस्थेने त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट घसाऱ्याची. कपाटाची किंमत घसारा काढता काढता पुस्तकात एक रुपया उरते. मग एके दिवशी ते "जुने झाले" म्हणून मोडीत निघते. कोणी घेतले, कितीला घेतले, ठराव झाला का, हे कोणी विचारीत नाही, कारण किंमत एक रुपयाच होती! पुस्तकी किंमत आणि बाजारभाव यांत अंतर असते. सागवानी कपाटाला आजही गिऱ्हाईक आहे. मोडीत काढण्यापूर्वी सूचनाफलकावर यादी लावावी आणि सर्वांसमक्ष बोली घ्यावी.

आणि सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे जागा, तिच्या कागदांकडे तर कोणाचेच लक्ष नसते. पेढीचे किंवा सभागृहाचे मालमत्तापत्रक काढून पाहावे. जुन्या काळी ते एखाद्या मान्यवर विश्वस्ताच्या नावावर सद्भावनेने लावलेले असते. ते कैलासवासी होतात, मुले परगावी जातात, नातू परदेशी. पुढे जागेला सोन्याचा भाव आला की वारसांच्या वकिलाची नोटीस येते, आणि आजोबांनी ज्या वास्तूसाठी वर्गणी गोळा केली तिच्याच विरुद्ध नातू न्यायालयात उभा राहतो. तो लबाड असतोच असे नाही. त्याच्या हातात जो कागद आहे तो तसेच सांगतो. नाव संस्थेचे लावून घेण्यास आज जेवढे श्रम पडतील, त्याच्या शतपट त्या दिवशी पडतील.

वार्षिक सर्वसाधारण सभेबद्दल बोलून पुरे करतो. कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत लेखापरीक्षण पुरे व्हावे लागते आणि सप्टेंबरअखेर सभा भरावी लागते. हिशेबतपासनीस नेमण्याचा अधिकार शासनमान्य नामिकेतून निवड करून सभेलाच आहे. प्रत्यक्षात सभेत काय होते? अहवाल "वाचला असे समजून" मंजूर होतो, 'अ' वर्ग मिळाल्याचे जाहीर होते, टाळ्या पडतात आणि लाभांशाचा आकडा ऐकून मंडळी अल्पोपाहाराकडे वळतात. 'अ' वर्ग हे प्रगतिपुस्तकावरील गुण आहेत. मुलगा रात्री कोठे जातो हे त्यावरून कळत नाही. अहवालाच्या शेवटी दोषांची यादी असते, आणि कलम ८२ प्रमाणे त्यांचा दोषदुरुस्ती अहवाल सादर करावा लागतो. सभासदांनी तीनच कागद मागावे: मागील वर्षीची दोषांची यादी, तिचा दुरुस्ती अहवाल, आणि या वर्षीची यादी. तोच दोष तीन वर्षे त्याच शब्दांत आला असेल, तर अध्यक्षांना त्याचे कारण विचारावे. शिवाय संचालक व त्यांचे आप्त यांच्याकडील कर्जाची व थकबाकीची यादी वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. नावे वाचली जातील या जाणिवेने वसुली होते, असा आमचा अनुभव आहे. वकिलाच्या नोटिशीने ती तितकी होत नाही.

आपल्या पतपेढीच्या संचालक मंडळाने आमच्या विनंतीस मान देऊन आज एक व्यवस्था केली आहे. मंडपाच्या उजव्या बाजूस, पाणपोईजवळ, दोन टेबले मांडली आहेत. पहिल्यावर सभासदांची खाती आहेत. ज्यांनी पासबुक आणले असेल त्यांनी शिल्लक जुळवून पाहावी आणि जुळल्याची सही यादीत करावी. ज्यांनी आणले नाही त्यांच्यासाठी हे टेबल पुढील चार रविवारी सकाळी पेढीच्या कचेरीत असेल, आणि तेथे खतावणी चिटणीस नव्हे, तर पाळीचे संचालक उघडतील. दुसऱ्या टेबलावर डेडस्टॉक रजिस्टर व तराजू आहे. आजच्या भोजनासाठी संस्थेची जी पातेली चुलीवर चढली आहेत, ती घासून झाल्यावर त्याच तराजूवर तोलायची आहेत. त्या कामास चार तरुण हवे आहेत. नावे भोजनानंतर अध्यक्षांकडे द्यावीत.